तोंड उघडं टाकून झोपणारं मूल आणि पुढे येणारे दात : आधी नाक, मग जबडा, मग तारा

आमच्याकडे दर मे महिन्यात गर्दी होते. शाळांना सुट्ट्या लागल्या की "क्लिपा लावायच्यात" म्हणून आया पोरांना घेऊन येतात. पोरगं आठ-नऊ वर्षांचं, ओठ उघडे, वरचे दोन दात फावड्यासारखे पुढे आलेले, डोळ्यांखाली काळं, आणि आई मला उत्साहाने दात दाखवतीये. मी विचारते, रात्री घोरतो का हो? आई हसते, "अगदी बाबांवर गेलाय, दोघं मिळून घर डोक्यावर घेतात." झालं, तिथून पुढे माझं लक्ष दातांवरून उडतं.

मी सांगली भागात तारा लावणारी डॉक्टर आहे, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, त्यामुळे पोट तारांवरच चालतं, तरी सांगते की अशा पोराला पहिल्याच दिवशी तारा लावून घेऊ नका. चेहरा कसा वाढतोय, दात एकमेकांवर कसे बसतायत आणि श्वासाची वाट केवढी आहे, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात हे अगदी खरं, पण म्हणून नुसते दात बघून श्वासाचा आजार ठरवता येत नाही आणि नुसत्या तारांनी तो बराही होत नाही. सगळा खेळ क्रमाचा आहे, तो क्रम खाली लिहिते.

आधी हे गुंतलेलं कसं असतं ते

जीभ टाळूला लावून बघा. तुमच्या तोंडाचं हे जे छत आहे ना, तीच नाकाची फरशी. वरच्या मजल्यावर नाक, खाली तोंड, मध्ये एकच स्लॅब. त्यामुळे वरचा जबडा अरुंद आणि टाळू खोल असला की वरची नाकाची खोलीही बहुतेक वेळा अरुंदच निघते. आणि नळी अरुंद झाली की अडथळा किती वाढतो याचा अंदाज आपल्याला येत नाही, हवा सरळ वाहतीये असं धरलं तर त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. लहान मुलाच्या नाकात आधीच जागा किती, त्यात सर्दीने जरा सूज आली तरी पोर का तळमळतं ते यातनं कळेल.

आता जबडा रुंद कशाने राहतो? बाहेरून गाल आत दाबत असतात आणि आतून जीभ टाळूला टेकून त्यांना रोखते. तोंड मिटलेलं आणि श्वास नाकाने चाललाय तोवर हे तोलून राहतं. नाक चोंदलं की पोर तोंड उघडतं, जीभ खाली पडते, मग गालांना अडवायला कुणी नाही, वरच्या दातांची कमान हळूहळू इंग्रजी व्ही सारखी होत जाते. तोंड सारखं उघडं म्हणून दाढांना वर-खाली जागा मिळते, त्या जास्त उगवतात, आणि बिजागरीत लाकडाची चीप अडकली की दार जसं पूर्ण मिटत नाही तसं खालचा जबडा खाली आणि मागे फिरतो. चेहरा लांब, हनुवटी आत, ओठ मिटायला ताण.

आणि शेवटचा दुवा. जीभ समोरून सुटी दिसत असली तरी तिचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला हाडाला बांधलेला असतो, त्यामुळे खालचा जबडा मागे म्हणजे जीभही मागे, आणि जिभेच्या मागे थेट घसा. जागेपणी स्नायू ती वाट ओढून उघडी ठेवतात, झोपेत ते सैल पडतात. म्हणून दिवसा धावणारं, क्रिकेट खेळणारं पोरगं रात्री गुदमरल्यासारखं करू शकतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये. एगिल हार्वोल्ड यांनी कॅलिफोर्नियात ऱ्हीसस माकडांची नाकं बंद करून बघितलं, १९८१ मध्ये ते सविस्तर छापून आलं, आणि माकडांचे जबडे आणि दात खरंच बदलले. पण सगळ्यांचे एकसारखे नाही, ज्याने जसं तोंड उघडायची सवय लावून घेतली तसा त्याचा बदल. मला तर त्या प्रयोगातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-आरोन्सन यांनी १९७० मध्ये ॲडेनॉइड (नाकाच्या मागे असलेल्या, टॉन्सिलसारख्याच गाठी) वाढलेल्या मुलांचे चेहरे मोजले, ते सरासरीने लांब आणि वरची कमान अरुंद अशी निघाली, आणि ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर हनुवटीची वाढ पुन्हा पुढच्या दिशेला वळताना दिसली. सरासरी हा शब्द विसरू नका. लांब चेहऱ्याची पुष्कळ माणसं नाकाने मस्त श्वास घेतात, तो चेहरा त्यांना आजोबांकडून आलेला असतो.

कुठल्या चेहऱ्यामागे काय असू शकतं

दातांचे तीन वर्ग एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पाडले, वरची पहिली पक्की दाढ खालच्या दाढेवर कुठे बसते यावरून, आणि आजही आम्ही तेच वापरतो. केस पेपरवर क्लास टू लिहिलं असेल तर खालचा जबडा किंवा खालचे दात मागे. क्लास थ्री म्हणजे खालचे पुढे, उलटा चावा. क्लास वन म्हणजे दाढा जागेवर, गर्दी असेल तर पुढच्या दातांची.

श्वासाच्या बाबतीत मी सगळ्यात सावध होते ते क्लास टू अधिक लांब चेहरा या जोडीला. हनुवटी मागे पण आणि खाली फिरलेली पण, अशांमध्ये जिभेमागची जागा सरासरीने कमी मिळते. क्लास थ्रीमध्ये बऱ्याचदा उलट, जिभेमागे भरपूर जागा, पण वरचा जबडा खुजा असेल तर नाकामागची जागा तोकडी. आखूड चौकोनी चेहरा, वरचे दात खालच्यांना झाकून टाकणारे, यांची वाट सहसा बरी असते. आणि क्रॉसबाइट, म्हणजे मागच्या दाढा वरच्या आत आणि खालच्या बाहेर अशा बसणं, ही अरुंद वरच्या जबड्याची घरबसल्या दिसणारी खूण.

पायरी १ : रात्रीचा व्हिडिओ

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम, आणि नव्वद टक्के पालक तेवढंच करत नाहीत (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, कुठल्या अभ्यासाचा नाही). पोर झोपल्यावर साधारण दोन तासांनी एकदा आणि पहाटे एकदा, अंगातला शर्ट वर करून छाती-पोट दिसेल असं, आवाज चालू ठेवून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सर्दी-ताप असताना घेऊ नका, तेव्हा सगळेच घोरतात.

बघायचं काय? घोरणं आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री आहे का. श्वास घेताना छाती आत ओढली जाते आणि पोट फुगतं असं उलट-सुलट चाललंय का. घोरणं अचानक थांबतं, शांतता, आणि मग एकदम हबकून श्वास, असं होतं का. मान मागे टाकून झोपतो का, उशीला घामाची ओल असते का, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय का. सकाळी डोकं दुखतं, शाळेत पेंगतो, किंवा (मुलांमध्ये हे जास्त) पेंगण्याऐवजी एका जागी बसतच नाही, बाई तक्रार करतात. घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीये ही आपल्या घराघरातली समजूत आहे, ती सोडा.

मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी २००० साली यासाठी २२ प्रश्नांची यादी केली, पीएसक्यू नावाने, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त प्रश्नांना उत्तर हो आलं की पुढे तपासायचं. डॉक्टरकडे मागा, पाच मिनिटांत भरून होते.

पायरी २ : दिवसा, घरीच

पोर टीव्ही बघतंय तेव्हा त्याला न सांगता बघा, ओठ मिटलेले आहेत का. सांगून बघितलं की सगळे मिटतात. मग मुद्दाम मिटायला सांगा आणि हनुवटीवर बघा, तिथे खडबडीत सुरकुत्या आल्या तर ओठ ताणून मिटतायत.

थंड स्टीलचा चमचा उलटा करून नाकाखाली धरा, दोन्ही नाकपुड्यांची वाफ उमटते का, का एकच बाजू. दुसरी परीक्षा म्हणजे घोटभर पाणी तोंडात धरून ओठ मिटून बसायला लावा, दोन-तीन मिनिटं. नाक मोकळं असेल तर आरामात होतं. जमत नसेल तर जबरदस्ती नको, जमलं नाही हीच माहिती. इथे एक बारीक फरक समजून घ्या: पाणी धरून बसता येतं पण एरवी तोंड उघडंच, तर वाट मोकळी असून सवय राहिलीये किंवा दात पुढे असल्यामुळे ओठच पोचत नाहीत. पाणी धरताच येत नाही, तर वाट बंद आहे. दोघांची औषधं वेगळी.

मग दात. मागच्या दाढांवर चावायला सांगून बोटाने गाल बाजूला करून दोन्हीकडून बघा, वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरून बसायला हव्यात. समोरून बघा, चावताना जबडा एका बाजूला सरकतो का. वरच्या पुढच्या दातांत आणि खालच्यांत आडवं अंतर किती, दोन-तीन मिलिमीटर ठीक, सहाच्या वर गेलं तर पडल्यावर तेच दात आधी फुटतात हेही लक्षात ठेवा. पुढचे दात मिटतच नाहीत, मधून जीभ डोकावते, तर अंगठा चोखायची सवय अजून आहे का ते आजीला विचारा, आजीला सगळं माहीत असतं. शेवटी बाजूने एक फोटो काढा, पोर सरळ समोर बघत, ओठ सैल. सहा-सहा महिन्यांनी तसाच काढत जा, तो फोटो माझ्या दहा प्रश्नांची उत्तरं देतो.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते, कारण ती सुटते. पोर हनुवटीवर आपटलं, झाडावरून, गच्चीवरून, सायकलवरून, हनुवटीला टाके घातले आणि घरी पाठवलं, असं आपल्याकडे सर्रास होतं. मार हनुवटीला, पण हाड मोडतं कानापुढच्या सांध्यात. ते लक्षात आलं नाही आणि पोर दुखतंय म्हणून तोंड उघडेनासं झालं तर सांधा हाडानेच चिकटून बसू शकतो, मग खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी पक्ष्यासारखी आत जाते, आणि श्वासाची वाट इतकी अरुंद होते की झोपेत गुदमरतं. जबडा आणि श्वास यांचं नातं इतकं उघडंवाघडं दुसरीकडे क्वचित दिसतं. म्हणून हनुवटीवर पडलेल्या पोराच्या सांध्यांचा एक्स-रे मागून घ्या, आणि पुढे काही महिने त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते दर आठवड्याला बघा. दोनच जायला लागली की थांबू नका, ओरल सर्जनकडे.

पायरी ३ : नाक-कान-घसावाले, माझ्या आधी

व्हिडिओ घेऊन ईएनटीकडे जा. ते टॉन्सिल बघतील, चार पायऱ्यांत मोजतात, चौथी म्हणजे दोन्ही जवळजवळ एकमेकांना टेकलेले. ॲडेनॉइड नाकाच्या मागे असतात, टॉर्चने दिसत नाहीत, त्यासाठी बाजूने काढलेला एक्स-रे किंवा बारीक दुर्बीण. साधारण तीन ते सात या वयात त्यांचा त्रास जास्त, कारण ते मोठे आणि पोराचा घसा लहान. पुढे वयात येताना ते आक्रसतात. "मोठा झाला की आपोआप जाईल" हे म्हणूनच अर्धं खरं असतं, ॲडेनॉइड जातील, पण तोवरच्या चार-पाच वर्षांत चेहऱ्याची वाढ तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

"नाकाचं हाड वाढलंय" असं सांगून आलेल्यांपैकी बऱ्याच मुलांत हाड वगैरे काही नसतं, आतल्या मऊ पडद्यांची ॲलर्जीने सूज असते. धूळ, गादीतले किडे, उदबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर, घरातली ओल. यावर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात, नाव ऐकून घाबरू नका, मात्रा अगदी थोडी असते, पण तो रोज आणि काही आठवडे मारला तरच उपयोग. मारायची पद्धत चुकते म्हणून सांगते: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजवीत, आणि टोक मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर मारलं की रक्त येतं आणि मग आई स्प्रे बंद करते. नाक झटकन मोकळं करणारे जे थेंब मेडिकलमधून आणता ते चार-पाच दिवसांच्या वर नकोत, सोडले की नाक दुप्पट चोंदतं. ॲलर्जीसाठी मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असेल आणि पोर चिडचिडं झालं, वाईट स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा, अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावलाय.

झोपेची तपासणी, स्लीप स्टडी, सगळ्यांना लागत नाही, पण लागली तर रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघा, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. मोठ्यांत ५ च्या खाली असला तर नॉर्मल म्हणतात. मुलांत १ पासूनच काळजी, १० च्या वर म्हणजे गंभीर. हे मी मुद्दाम लिहितीये कारण मोठ्यांच्या मापाने वाचून "४ आहे, नॉर्मल" असं सांगितलेली पोरं माझ्याकडे आलीयेत.

ऑपरेशन करावं का? अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला, टॉन्सिल-ॲडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांत नॉर्मल झाली, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. दोन्ही आकडे वाचा. ऑपरेशन उपयोगी आहे, वागणं आणि झोप सुधारली, पण जवळजवळ निम्मी मुलं तशीही सुधारली, त्यामुळे हलका त्रास असेल तर थोडं थांबून बघणं हा वेडेपणा नाही. जास्त त्रास असेल तर मात्र "घसा उघडा पडेल", "आवाज जाईल" असल्या कारणांवरून दोन-दोन वर्षं टाळू नका. जाड मुलांमध्ये ऑपरेशननंतरही त्रास उरू शकतो, त्यांची तपासणी परत करतात.

पायरी ४ : आता या माझ्याकडे

सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं असं अमेरिकेतली आमची संघटना सांगते, आणि ते मला पटतं, कारण दाखवणं वेगळं आणि उपचार सुरू करणं वेगळं. सात वर्षांच्या दहा मुलांतल्या बहुतेकांना मी "वर्षाने या" एवढंच सांगते.

बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, सेफ, यावर आम्ही कोन मोजतो. ही पद्धत १९३१ पासूनची, अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ, दोघांनी एकाच वर्षी मांडली. रिपोर्टवर एसएनए म्हणजे वरचा जबडा, साधारण ८२ अंश, एसएनबी म्हणजे खालचा, ८०, आणि दोघांतला फरक एएनबी, २. एएनबी ६-७ आणि एसएनबी ७४ लिहिलं असेल तर दोष वरच्या जबड्याचा नाही, खालचा मागे आहे. खालच्या जबड्याचा उतार एसएन-गोग्न या नावाने दिसेल, ३२ च्या आसपास सरासरी, चाळिशीत गेला की लांब चेहरा. हे आकडे गोऱ्या लोकांवर बसवलेले आहेत, आपल्याकडे दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं, आकड्याला चिकटून भांडू नका.

त्याच एक्स-रेवर नाकामागची जागाही दिसते, ती ५ मिलिमीटर किंवा कमी असली की आम्ही ईएनटीकडे चिठ्ठी देतो. चिठ्ठीच देतो, निदान नाही करत. कारण हा चपटा फोटो आहे, पुढून मागे अंतर कळतं, रुंदी कळत नाही.

मग थ्रीडी स्कॅन काढला तर? रंगीत चित्र येतं, घसा लाल-हिरवा, खाली घन मिलिमीटरमध्ये आकडा, आणि समोर बसलेल्या आई-बापाच्या पोटात गोळा. अहो पण स्कॅन उभं किंवा बसवून काढलाय, जागेपणी काढलाय, पोराने त्या क्षणी गिळलं की जीभ हलली की आकडा बदलतो, मान जरा वर केली की बदलतो. अरुंद दिसणारा घसा असलेली माणसं मजेत झोपतात आणि रुंद घशाची गुदमरतात. नुसत्या त्या चित्रावरून "एअरवे ट्रीटमेंट" चं पॅकेज कुणी पुढे सरकवलं तर घरी या, विचार करा, दुसऱ्याला दाखवा. स्कॅन इतर कारणांसाठी लागतो, अडकलेला सुळा वगैरे, तेव्हा जरूर काढा.

पायरी ५ : उपचार, वय आणि चेहरा बघून

वरचा जबडा खरोखर अरुंद आहे, क्रॉसबाइट आहे, तर टाळूला स्क्रू बसवून रुंद करतात. कल्पना जुनी, १८६० मध्ये एमर्सन अँजेल यांनी मांडली, १९६१ नंतर अँड्र्यू हास यांच्यामुळे रुळली. मुलांत टाळूच्या मधोमध शिवण असते, ती पक्की व्हायच्या आत, म्हणजे ढोबळमानाने पंधरा-सोळाच्या आत काम सोपं, जेवढं लवकर तेवढं बरं. रोज आईने चावीने पाव फेरा द्यायचा, एका वेळेला साधारण पाव मिलिमीटर. आठवड्याभरात समोरच्या दोन दातांत फट पडते आणि मला रात्री फोन येतो, "मॅडम दात सुटले!" सुटले नाहीत, शिवण उघडली, म्हणजे काम होतंय, ती फट काही महिन्यांत बरीचशी आपोआप मिटते. दोन-तीन आठवडे फिरवून मग स्क्रू बांधून निदान पाच-सहा महिने तसाच ठेवायचा, नवीन हाड भरायला वेळ लागतो, "झालं की मग काढा की" म्हणू नका.

याने श्वास सुधारतो का? फरशी रुंद झाली की नाकाची खोलीही रुंद होते हे मोजलेलं आहे, आणि अरुंद टाळू असलेल्या मुलांत झोपेच्या तपासणीतला आकडाही (एएचआय) सरासरीने खाली येतो. पण टाळू नीट असलेल्या पोराला निव्वळ घोरतं म्हणून स्क्रू लावणं मला मान्य नाही. आणि टॉन्सिल मोठे असतील तर आधी ते.

खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉक, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये सुरू केलेलं, वरचं-खालचं असे दोन तुकडे, चावलं की जबडा पुढे येतो. उपयोग खरा वाढीच्या लाटेत, मुलींना साधारण दहा ते बारा, मुलग्यांना बारा ते चौदा, मुलगी शहाणी होण्याच्या थोडं आधी. आठव्या वर्षी घाई करून लावलं तर शेवटचा निकाल सहसा वेगळा येत नाही, फायदा एवढाच की फार पुढे आलेले दात पडून फुटायची भीती कमी होते, मैदानावर हुंदडणाऱ्या पोराला तेही कमी नाही म्हणा. चोवीस तास घालायचं असतं. डब्यात ठेवलेलं ट्विन ब्लॉक फक्त डब्याची वाढ करतं.

उलटा चावा मात्र उशिरा आणू नका. वरचा जबडा खुजा असेल तर कपाळ-हनुवटीवर टेकणारा मास्क लावून तो पुढे ओढतात, आणि हे दहाच्या आत छान जमतं. लांब चेहऱ्याचं खरं सांगू का, आमच्याकडे सोपं उत्तर नाही. दाढा वाढू न देणं, त्यासाठी हाडात बसवायचे स्क्रूसारखे छोटे खिळे, आणि फारच असेल तर मोठेपणी ऑपरेशन. म्हणूनच लहानपणी नाक मोकळं करण्यावर मी एवढा जीव टाकते.

तारांसाठी दात काढले की घसा अरुंद होतो आणि पुढे घोरणं लागतं, अशी भीती हल्ली फार पसरलीये. २०१५ मध्ये अमेरिकेत साडेपाच हजार माणसांच्या नोंदी तपासल्या, निम्म्यांचे चार उपदाढांचे (सुळ्यामागच्या छोट्या दाढांचे) दात नव्हते, झोपेतल्या श्वासाच्या आजाराचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, दहा टक्क्यांच्या आसपास. आमच्या अमेरिकन संघटनेनेही २०१९ मध्ये हेच लिहिलं. दात काढावेत का हा प्रश्न गर्दीचा आणि ओठांचा आहे, त्यासाठी जरूर वाद घाला, श्वासाचा बागुलबुवा नको.

मोठ्यांसाठी दोन ओळी

वाढ संपल्यावर जबडा ऑपरेशननेच हलतो. दोन्ही जबडे पुढे आणले की वाट चांगली रुंद होते, झोपेच्या गंभीर आजारावर हा एक भक्कम उपाय आहे. उलट, पुढे आलेला खालचा जबडा मागे सरकवला की वाट अरुंद होते, म्हणून लग्नाआधी चेहरा सुधारायला क्लास थ्रीचं ऑपरेशन करायचं असेल आणि माणूस घोरत असेल तर सर्जनला आधी तेवढं सांगाच, बऱ्याचदा फक्त खालचा मागे न नेता वरचा पुढे आणता येतो. ऑपरेशन नको असेल तर झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन, किंवा हलक्या-मध्यम त्रासाला रात्री खालचा जबडा पुढे धरणारी प्लेट. झोपेच्या तपासणीशिवाय प्लेट बनवून घेऊ नका.

जे करू नका

झोपताना पोराच्या तोंडाला चिकटपट्टी लावणं, रील बघून. नाक चोंदलेल्या पोराचं तोंड बंद करताय, जरा विचार करा. म्युइंग, म्हणजे जीभ टाळूला दाबून जबडा टोकदार करणं, कॉलेजची पोरं आरशासमोर करतात, चेहऱ्याचं हाड त्याने बदलतं याचा पुरावा नाही. जीभ-ओठांचे व्यायाम मात्र वेगळे, ऑपरेशन किंवा उपचारानंतर उरलेली तोंड उघडायची सवय मोडायला ते मदत करतात, शिकवणाऱ्याकडून शिका आणि रोज करा. नाकाआधी सवयीवर ओरडणं हाही एक प्रकार, "तोंड मीट!" असं दिवसातून वीस वेळा ऐकणाऱ्या पोराचं नाक बंद असेल तर ते बिचारं काय करणार.

पहिल्या भेटीला काय न्यायचं

रात्रीचे दोन व्हिडिओ, बाजूचा फोटो, भरलेली २२ प्रश्नांची यादी, चालू औषधांची नावं, आधीचे सगळे एक्स-रे (परत काढायला नकोत, पोराला उगाच किरण नकोत), आणि दोन्ही घरच्या आजी-आजोबांचा एखादा बाजूने काढलेला लग्नातला फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं, हनुवटी कुणाची आहे ते लगेच कळतं. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं आणि मुंबईचं नायर दंत रुग्णालय इथे ऑर्थोडॉन्टिक्सचा वेगळा विभाग आहे, बाहेरच्या मानाने फार कमी पैशात होतं. सकाळी लवकर केस पेपर काढा, तिथे शिकणारे डॉक्टर हात लावतात म्हणून नाक मुरडू नका, वर शिक्षक उभे असतात आणि एक पोर तपासायला त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ असतो. फक्त पाठपुराव्याला नंबर उशिराचे मिळतात, तेव्हा शाळेच्या परीक्षा बघून पुढच्या तारखा त्याच दिवशी लिहून घ्या.